मायना कोण लिहिणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांच्या आई गेल्या. वय झाले होते, पण मरण अचानक आले. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर शोकसंदेशांची रांग लागली. मी मराठीचा मास्तर. जवळजवळ चाळीस वर्षे उत्तरपत्रिका तपासण्यात गेली, त्यामुळे डोळ्यांना लागलेली खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही. एकामागोमाग तीन संदेश वाचताना मला परीक्षेत कॉपी पकडल्यासारखे झाले. तिन्हींत ‘या कठीण काळात’ होते, तिन्हींत ‘त्यांच्या आठवणी सदैव प्रेरणा देत राहतील’ होते आणि तिन्हींत ‘आपणांस’ होते. शुद्धलेखनाची एक चूक नाही. पाठवणाऱ्यांपैकी एक मुलगा त्या आजींच्या मांडीवर खेळून मोठा झालेला. त्या गृहस्थांना तो जन्मात कधी ‘आपण’ म्हणालेला नाही. ‘काका, तुम्ही’ म्हणतो.

आपल्याकडे माणूस अशा घरी भेटायला जातो तेव्हा काय बोलतो, ते आठवून पाहावे. सांत्वन तो फारसे करतच नाही. चपला बाहेर काढतो, बसतो, थोडा वेळ गप्प राहतो आणि मग विचारतो, ‘कधी झालं? जवळ कोण होतं? काही बोलल्या का?’ उत्तर त्याला बहुधा जिन्यातच कळलेले असते. तरीही विचारतो. ज्याच्या घरचे माणूस गेले तो पुढचे दहा-बारा दिवस तीच हकीकत येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि सांगता सांगता ती त्याची त्यालाच हळूहळू खरी वाटू लागते. मी ते तीन संदेश पुन्हा उघडून पाहिले. त्यांत एकही प्रश्नचिन्ह नव्हते.

मला लिहायचे आहे ते या नसलेल्या प्रश्नचिन्हाबद्दल. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुले झाले. तेव्हापासून ‘यंत्र लेखकाची जागा घेईल का’ यावर आपल्या नियतकालिकांतून भरपूर लिहून झाले आहे. लेखकांचे काय व्हायचे ते होवो. मला काळजी आहे ती जे लेखक नाहीत त्यांची: रजेचा अर्ज, माफीचे चार शब्द, शेजाऱ्याला नळ गळतो म्हणून सांगणे, मेलेल्याच्या घरी बोलणे, एवढेच ज्यांचे आयुष्यभराचे ‘लेखन’ असते त्यांची. या साऱ्याला हल्ली महाविद्यालयांत ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पदवीसाठी ‘जीवन कौशल्य’ नावाचा अभ्यासक्रमच आखून दिला. ‘मृदू कौशल्ये’ हे भाषांतर मला कधी आवडले नाही. त्यात कापूस पिंजल्याचा भास होतो. पण मूळ इंग्रजी शब्दाचा जन्म मजेदार आहे. तो अमेरिकी लष्करात घडला. १९७२ मध्ये तिथल्या एका प्रशिक्षण परिषदेत या शब्दाची व्याख्या करण्याचा खटाटोप झाला. रणगाडा चालवणे, तोफ दुरुस्त करणे ही यंत्रांशी संबंध येणारी ‘हार्ड’ कामे. आणि ज्यांत मुख्यतः माणसे आणि कागद हाताळावे लागतात ती ‘सॉफ्ट’. म्हणजे यंत्राशी फारसा संबंध येत नाही, हीच या कौशल्यांची मूळ ओळख होती.

आता एक आक्षेप मीच माझ्यावर घेतो. मराठी माणसाने पत्र स्वतःच्या मनाने कधी लिहिले होते? मोडीतील कोणताही जुना कागद काढा. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ने सुरुवात, मध्ये ‘विनंती विशेष’, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. पत्राला ठरलेले साचे होते आणि ते शिकवणारे ग्रंथही होते. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर परंपरेने दिले जाणारे ‘मेस्तक’ त्याच जातीचे. आमच्या पिढीला शाळेत हेच घोटवले गेले. आईवडिलांना ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, बरोबरीच्याला ‘स. न. वि. वि.’, धाकट्याला ‘अनेक आशीर्वाद’. मग यंत्राचा साचा तेवढा वाईट कसा?

उत्तर मायन्यातच आहे. मायना तयार असे, पण कोणता मायना घ्यायचा हे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागे. समोरचा थोरला की धाकटा, त्याच्या घरी नुकते काय घडले, बाई सौभाग्यवती की गंगाभागीरथी, नाते सख्खे की चुलत, हे ठाऊक नसेल तर लेखणी पहिल्या ओळीतच अडे. या व्यवस्थेत जातीची आणि स्त्रीपुरुषांची जी उतरंड होती ती मोडली हे उत्तमच झाले. विधवेला पत्राच्या पहिल्या शब्दात तिच्या वैधव्याची आठवण करून देणारा मायना कोणाला परत हवा आहे? मला एवढेच नोंदवायचे आहे की त्या साच्यात शिरण्याआधी माणसाला समोरच्या माणसाची चौकशी करावी लागे. यंत्राचा साचा चौकशीविना उघडतो. तो सगळ्यांना ‘आपण’ म्हणतो आणि सगळ्यांना धन्यवाद देतो. मराठी घरात आईला कोणी ‘धन्यवाद’ म्हणत नाही. म्हटलेच तर आई विचारते, ‘काय रे, रागावलास का?’

दुसऱ्याकडून पत्र लिहून घेण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे, आणि तिच्यात मी स्वतः राबलो आहे. माझे बालपण गिरणगावातल्या चाळीत गेले. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसबाहेर पैसे घेऊन पत्र लिहून देणारे बसत. आमच्या चाळीत ते काम फुकट करणारी आम्ही शाळकरी मुले होतो. खानावळीत जेवणारे गिरणी कामगार रविवारी कार्ड घेऊन येत. सातारकडचे, कोकणातले. ते सांगत आणि मी लिही. पण ते सरळ सांगत नसत. ‘लिही, सगळं बरं आहे.’ मी विचारी, ‘पैसे पाठवलेत ते लिहू?’ मग थांबत. ‘या महिन्यात कमी गेले, ते लिही. नको, असं नको लिहू. लिही की पुढच्या महिन्यात जास्त येतील.’ माझ्यासारख्या दहा वर्षांच्या पोरासमोर त्या दांडग्या माणसाला थोडी लाज वाटलेली मी पाहिली आहे. अक्षर माझे असे, पण ती लाज त्याची असे, आणि पत्र त्या लाजेतून गाळून कागदावर उतरे. नारायण सुर्वे यांची ‘तुमचंच नाव लिवा’ ही कविता मराठी वाचकाला ठाऊक आहे. शाळेत मुलाचे नाव घालायला आलेली बाई आणि दाखल्यावर बापाचे नाव विचारणारा मास्तर. त्या कवितेचा सगळा स्फोट एका विचारलेल्या प्रश्नामुळे होतो. लिहून घेणारा समोर बसलेला नसता आणि त्याने काही विचारले नसते, तर रकाना कोरा राहिला असता, इतकेच.

१९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या आणि चाळीतली कित्येक घरे रेल्वेच्या रुळांवरून पुढे पुढे सरकत इकडे आली. डोंबिवली, अंबरनाथ, मग बदलापूर. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेले हे गाव २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात पोचले. मीही त्यांतलाच. जुनी मासिके चाळायची तर इथे श्याम जोशी यांनी उभारलेले ‘ग्रंथसखा’ आहे, संध्याकाळी फिरायचे तर उल्हास नदी आहे आणि माणसांशी कसे वागावे हे शिकायचे तर लोकल आहे. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अडुसष्ट किलोमीटर. दुसऱ्या वर्गात तिघांच्या बाकावर चौथ्याने बसायचे ते ‘जरा सरकता का’ या तीन शब्दांच्या बळावर. ते कोणत्या सुरात म्हणायचे, कोणाला म्हणायचे, कल्याण सुटण्याआधी की नंतर, कोण कुठे उतरणार हे आधी विचारून ठेवायचे का, डाऊन गाडीने उलटे येऊन आधीच जागा धरणाऱ्याशी भांडायचे की हसून सोडून द्यायचे, हा सगळा अभ्यासक्रम कोणत्याही आयोगाने न आखता तीन पिढ्यांनी पुरा केला आहे.

दर रविवारी सकाळी सोसायटीच्या कार्यालयात मी पाच-सात मुलामुलींची मुलाखतीची तयारी करून घेतो. मी प्रश्न विचारतो, ते उत्तरे देतात. एक ठरलेला प्रश्न असतो: कोणाशी तरी तुमचे पटले नाही असा प्रसंग सांगा, आणि पुढे काय झाले तेही सांगा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नाला मुले अडखळत. आता अडखळत नाहीत. ‘आमच्या टीममध्ये प्रकल्पाबाबत मतभेद झाले, तेव्हा मी सर्वांचे म्हणणे ऐकून घेतले आणि समन्वय साधला.’ एका रविवारी तिघांनी जवळपास हेच सांगितले. मी विचारले, ‘टीममध्ये कोण कोण होते?’ तिघांनाही एकही नाव सांगता आले नाही.

त्याच दिवशी कुर्ल्याला कुरियरच्या कचेरीत काम करणारा एक मुलगा मागे बसला होता. तो म्हणाला, ‘सर, माझं टीमचं काही नाही. ट्रेनचं आहे.’ संध्याकाळच्या गाडीत एक काका त्याला चौथी सीट देत नसत. पाय आडवा टाकून बसत. आठवडाभर रोज तोंडातोंडी. मग एके दिवशी त्याने पाहिले की काका घाटकोपरपासून एकाच गुडघ्यावर हात दाबून आहेत. त्याने विचारले, ‘काका, गुडघा दुखतो का?’ काका खेकसले, ‘तुला काय करायचंय?’ दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून सरकले. का सरकले, हे त्याला आजही सांगता येत नाही. मुलाखतीचे इतके अस्सल उत्तर मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. पुढच्या रविवारी तो ते ‘नीट करून’ घेऊन आला. फोनवर वाचून दाखवले: ‘सहप्रवाशासोबत आसनव्यवस्थेबाबत निर्माण झालेला तणाव मी सहानुभूतीपूर्ण संवादातून सोडवला.’ गुडघा गेला, घाटकोपर गेले, खेकसणे गेले. विशेष म्हणजे प्रश्न गेला. ‘गुडघा दुखतो का?’ या साध्या प्रश्नाच्या जागी ‘सहानुभूतीपूर्ण संवाद’ हे त्याचे प्रमाणपत्र आले.

मी हे सांगतो म्हणजे जुन्या काळाचे गोडवे गातो, असे कोणी समजू नये. त्याच वर्गात एक मुलगी येते. वडील रिक्षा चालवतात, घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. एका कंपनीने तिच्या प्रशिक्षणाचे दोन महिन्यांचे पैसे अडकवून ठेवले होते. इंग्रजीत मेल लिहायचे तिला धाडस नव्हते. यंत्राने तीन परिच्छेद लिहून दिले, नम्र आणि ठाम. आठवड्यात पैसे आले. तिला मी कोणत्या तोंडाने सांगू की हे खोटे आहे? ‘सॉफ्ट स्किल्स’ या गोंडस नावाखाली आजवर मुलाखतींत मोजले गेले ते बरेचसे घरातून मिळालेले इंग्रजी आणि सफाईदार वळण होते. ज्यांच्या घरी ते नव्हते त्यांना यंत्राने पहिल्यांदाच बरोबरीची वेशभूषा दिली. अभ्यासही याला दुजोरा देतात. एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी ग्राहकसेवेतील पाच हजारांहून अधिक कर्मचारी अभ्यासले. उत्तरे सुचवणाऱ्या यंत्रामुळे कामाचा वेग सरासरी चौदा-पंधरा टक्क्यांनी वाढला, आणि सर्वांत जास्त फायदा नवशिक्यांना झाला. एवढेच नव्हे, ग्राहकही त्यांच्याशी अधिक सौम्यपणे बोलू लागले. शिव्या खाणे ज्यांची नोकरी आहे, त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

पण त्या मुलीची गोष्ट तिथे संपत नाही. पैसे आल्यावर तिथल्या बाईंचा फोन आला, पुन्हा काम कराल का विचारायला. तिने उचलला नाही. ‘सर, फोनवर मला सुचत नाही. मी मेल करा म्हणून मेसेज टाकला.’ ते काम दुसऱ्या कोणाला मिळाले.

आणखी दोन अभ्यास मला महत्त्वाचे वाटतात. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी भारतीय आणि अमेरिकी मिळून ११८ जणांकडून लिहून घेतले. यंत्राच्या सूचना घेताच भारतीयांचे लेखन अमेरिकी वळणावर जाऊ लागले. आवडता पदार्थ विचारला की पिझ्झा, आवडता सण विचारला की ख्रिसमस, अशा सूचना पुढे येत. दिवाळी अंकात हे वाचताना वाचकाला हसू येईल. पण सणाचे नाव खोडून दुरुस्त करता येते. क्षमा मागण्याचे वळण खोडता येत नाही, कारण ते बदलले हे लक्षातच येत नाही. ‘मी तुमच्या भावना समजू शकतो’ हे मराठी वाक्य आहे का? शब्द मराठी आहेत. मराठी माणूस म्हणतो, ‘अरेरे’, किंवा ‘मग रे?’ त्या ‘मग रे?’मध्ये पुन्हा प्रश्न आहे.

दुसरा अभ्यास २०२४ चा. यंत्राने लिहिलेले उत्तर वाचून लोकांना आपले म्हणणे अधिक ऐकले गेल्यासारखे वाटले; मात्र ते यंत्राचे आहे हे कळताच तो दिलासा ओसरला. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबडी महाविद्यालयाला हे फेब्रुवारी २०२३ मध्येच अनुभवायला मिळाले. मिशिगनमधील गोळीबारानंतर विद्यार्थ्यांना पाठवलेल्या सांत्वनाच्या पत्राखाली मजकूर चॅटजीपीटीच्या आधारे केल्याची नोंद राहिली होती. विद्यार्थी भडकले, माफी मागावी लागली. खोटे त्या पत्रात काही नव्हते. आता त्या संशयाची झळ निर्दोष माणसालाही लागते. आमच्या गटावर त्या आजींबद्दल मी पाच-सहा ओळी लिहिल्या होत्या, जरा जुन्या वळणाच्या. तळमजल्यावरच्या मुलाने अंगठा दाखवून लिहिले, ‘सर, मस्त. कुठलं ॲप?’

तक्रार इतरांची झाली, आता माझी. संगमेश्वरकडच्या आमच्या घराच्या मागे फणस होता. चार वर्षांपूर्वी दादाने, माझ्या थोरल्या भावाने, मला न कळवता तो तोडून लाकूड विकले. गणपतीत चार माणसांसमोर मी त्याला बोललो आणि बोलणे बंद झाले. यंदा वाटले, पुरे आता. पण लिहायला बसलो की पहिल्या ओळीनंतर हात थांबे. मराठीच्या मास्तराचा हात! शेवटी नातवाच्या फोनवर ते काम यंत्राला सांगितले. यंत्र प्रश्न विचारतच नाही, असे वर म्हणालो ते थोडे दुरुस्त करतो. विचारायला सांगितले की ते विचारते: वाद कशावरून, किती वर्षे, सूर कसा हवा. मी भराभर उत्तरे दिली. दादाला काय म्हणालो होतो, तेही जराही न अडखळता टंकले. खानावळीतला माणूस दहा वर्षांच्या पोरासमोर जसा थांबे, तसा मी एकदाही थांबलो नाही. समोर कोणी नव्हतेच.

पत्र सुरेख आले. ‘आपल्यातील गैरसमज बाजूला ठेवून नात्याची नवी सुरुवात करूया.’ मी ते तीनदा वाचले, मला आवडले, आणि पुतण्याच्या फोनवर पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आले: ‘आपल्या भावना पोहोचल्या. भूतकाळ मागे ठेवून सकारात्मक दृष्टीने पुढे जाऊया.’ दादा सातवीपर्यंत शिकला आहे. जन्मापासून तो मला ‘अरे बंड्या’ म्हणतो. पुतण्याने कोणाकडून लिहून घेतले, हे मला विचारावे लागले नाही. दोन यंत्रांची दिलजमाई झाली होती. आम्ही दोघे होतो तिथेच.

त्या दोन वाक्यांकडे समीक्षकाच्या डोळ्याने पाहिले तेव्हा खटकले ते ‘गैरसमज’. गैरसमजाला कर्ता लागत नाही. तो आपोआप होतो, पावसासारखा. आमच्यात गैरसमज झाला नव्हता. मी दादाला चार माणसांत चोर म्हणालो होतो. यंत्राला मी हे सांगितले होते, आणि त्याने सौजन्याने ते झाकले. माझी लाज वाचवली, आणि माफीही तिच्याबरोबरच गेली.

मागच्या आठवड्यात पोस्टातून आंतर्देशीय पत्र आणले. ‘ती. स्व. दादास, सा. न. वि. वि.’ एवढे लिहून तासभर बसलो. मग खाली लिहिले, ‘मी तुला चोर म्हणालो, ते चुकलं.’ त्याच्या पुढे एक ओळ आहे, ती लिहिताना लक्षात आले की चार वर्षांत मी हे त्याला एकदाही विचारलेले नाही: ‘फणस का विकावा लागला? तेव्हा घरात काय अडचण होती?’ पत्र अजून टाकलेले नाही. घडी घालून शर्टाच्या खिशात आहे. सोमवारी पोस्ट उघडले की टाकीन.